ऊस, तूप आणि चिंचोके: घरच्या घरी आवाजांचे खेळ

चार ते सहा वर्षांच्या मुलासाठी रोज 5 ते 10 मिनिटं पुरतात. पाटी-पुस्तक बाजूला ठेवा. हा खेळ कानांचा आहे: शब्दातले सुटे आवाज ऐकून ओळखायचे.

आधी टाळ्या. क-म-ळ, तीन टाळ्या. हे बहुतेक मुलांना लवकर जमतं.

खरी अडचण पुढे येते. आपल्या लिपीत व्यंजन आणि स्वर मिळून एक अक्षर होतं, त्यामुळे ‘का’ हा मुलाला एकच तुकडा वाटतो. काकडी, किल्ली, कुंडी समोर ठेवून विचारा, ‘सुरुवातीला काय सारखं ऐकू येतं?’ तुम्ही मात्र क् अगदी तुटक म्हणा. ‘कऽऽ’ असं लांबवलंत की व्यंजनाला स्वर चिकटतो आणि पुढे आवाज जोडताना मूल अडखळतं. सुरुवात स्, म्, न्, श् यांनी केलेली बरी, कारण ते स्वर न लावता ताणता येतात.

मग खडूने जमिनीवर दोन चौकोन काढा. ‘ऊस’ सावकाश म्हणा: ऊ, स्. प्रत्येक आवाजाला एक चिंचोका पुढच्या चौकोनात सरकवायचा. ऊन, आग झाले की तीन चौकोन: तूप, दार, मीठ. ‘स्त्री’सारखी जोडाक्षरं इतक्यात नकोत.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मुलाच्या कानावर कन्नडही पडतं. त्याचा इथे फायदाच होतो. आपण ‘बस’ म्हणतो, शेजारच्या अक्का ‘बस्सु’ म्हणतात. शेवटी काय वाढलं, ते मुलाला शोधू द्या. काल-काळ, मन-मण या जोड्याही घ्या आणि कोणता आवाज बदलला ते विचारा. चुकलं तर ‘चूक’ म्हणू नका, शब्द पुन्हा सावकाश म्हणा.