मिशीपासून कॉर्टेक्सपर्यंत: थॅलॅमसची आकृती हरभऱ्यांनी कशी मांडायची

"थॅलॅमस म्हणजे रिले स्टेशन" एवढं एक वाक्य (थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या मधोमध बसलेला, सिग्नल पुढे पाठवणारा भाग) पाठ करून मी एमएस्सीच्या व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, गेलो होतो. एक्स्टर्नल परीक्षकांनी आकृती काढायला लावली, मी उंदराच्या मिशीपासून कॉर्टेक्सपर्यंत (मेंदूच्या बाहेरच्या आवरणापर्यंत) झोकात एक बाण मारला, तर ते म्हणाले परतीचा बाण कुठंय? मी नुसता पाहतच राहिलो. नागपूरचा मे महिना, बाहेर 45 डिग्री, आत कूलर फुल स्पीडवर, आणि मला घाम. ज्यांचा यंदा हा टॉपिक आहे त्यांच्यासाठी आता मी पोरांना कसं शिकवतो ते सांगतो.

सामान घरातलंच. एक पेपर, पूर्ण उघडलेला. वाटीभर काळे हरभरे (तर्रीसाठी भिजवायच्या आधीचे, ओले घेतले तर पेपर फाटतो), चार शेंगदाणे, एक लाल आणि एक निळा स्केचपेन. लाल म्हणजे पेशीला उत्तेजित करणारा सिग्नल, निळा म्हणजे दाबणारा. पेपरची मधली घडी म्हणजे शरीराची मध्यरेषा, ही घडी विसरू नका, अर्धे मार्क तिथंच जातात.

डावीकडे खाली उंदराचं नाक. त्याच्या गालावर हरभऱ्यांच्या पाच आडव्या रांगा मांडा, वरून खाली ए ते ई, आणि प्रत्येक रांगेत मागून पुढे 1, 2, 3 असे नंबर. खऱ्या उंदरात वरच्या दोन रांगांत चार-चार मोठ्या मिशा असतात, खाली जास्त, आणि सगळ्यात मागे रांगांच्या मधोमध अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशा चार. तुम्ही सरसकट चार-चार ठेवा, हरभरे पुरले पाहिजेत ना बा. आता सी रांगेतला दुसरा हरभरा उचलून तिथं शेंगदाणा ठेवा. ही आपली सी-2 मिशी.

आता हीच जाळी अजून तीनदा मांडायची: डावीकडेच जरा वर ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात), मग घडी ओलांडून उजवीकडे थॅलॅमसच्या व्हीपीएम नावाच्या न्यूक्लियसमध्ये (न्यूक्लियस म्हणजे इथं पेशींचा गट), आणि त्याच्याही वर कॉर्टेक्सच्या चौथ्या थरात. शेंगदाणा दरवेळी सी-2 लाच. इथला एक हरभरा म्हणजे पेशींचा एक ढीग; ब्रेनस्टेममधल्या ढिगांना बॅरलेट म्हणतात, थॅलॅमसमधल्यांना बॅरलॉइड, कॉर्टेक्समधल्यांना बॅरल. बॅरल हे नाव वूल्झी आणि व्हान डर लोस यांनी 1970 मध्ये दिलं, कारण माऊसच्या (छोट्या उंदराच्या) कॉर्टेक्समध्ये पेशींचे पिंपासारखे गोल त्यांना दिसले, एका मिशीला एक. शेंगदाण्याला शेंगदाणा लाल पेनने जोडा. पहिल्या न्यूरॉनचं, म्हणजे चेतापेशीचं, शरीर ट्रायजेमिनल गँग्लियनमध्ये (चेहऱ्याच्या नसेवरचा पेशींचा गठ्ठा), दुसऱ्याचं ब्रेनस्टेममध्ये आणि तिथूनच त्याची तार (पेशीचा लांब धागा) घडी ओलांडते, तिसऱ्याचं व्हीपीएममध्ये. बहुतेक पोरं इथं थांबतात आणि मीही इथंच थांबलो होतो.

खरी गंमत व्हीपीएम ते बॅरल या शेवटच्या तुकड्यात आहे. 2006 मध्ये ब्रुनो आणि साकमान यांनी रॅटमध्ये (मोठ्या उंदरात) मोजलं तर एका थॅलॅमस पेशीचा एक सिग्नल कॉर्टेक्सच्या पेशीत जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट हलवतो, म्हणजे काहीच नाही. मग पेशी पेटते कशी? तर एका बॅरलॉइडमधल्या भरपूर पेशी एकाच वेळी सिग्नल सोडतात आणि ते थेंब एकत्र येतात. त्यात अजून एक भानगड, तोच सिग्नल बॅरलमधल्या झटपट दाबणाऱ्या पेशींनाही जातो आणि त्या लगेच दार लावून घेतात. सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर घोळक्याने आले ते चढले, मागून रेंगाळत आलेल्यांच्या तोंडावर दार बंद, तसं. फक्त हे दार काही मिलिसेकंदांत लागतं. म्हणून मिशीला फटकन धक्का बसला तर बॅरल जोरात बोलतो आणि हळूच वाकवली तर कमी. बॅरलमध्ये एक छोटी निळी टिकली काढून ठेवा आणि विचारलं तर हेच सांगा.

आता टीआरएन, म्हणजे थॅलॅमसचा रेटिक्युलर न्यूक्लियस. व्हीपीएमच्या बाहेरच्या बाजूने निळ्या पेनने पातळ कवचासारखी पट्टी काढा. लाल तार कॉर्टेक्सकडे जाताना या पट्टीत एक फांदी सोडते आणि पट्टी उलट व्हीपीएमलाच दाबते. पट्टीतून कॉर्टेक्सकडे एकही बाण काढू नका, टीआरएनचं सगळं काम थॅलॅमसपुरतं. उंदराच्या व्हीपीएममध्ये स्वतःच्या दाबणाऱ्या पेशी जवळपास नसतातच, त्यामुळे ब्रेक म्हणजे मुख्यतः हीच पट्टी. आणि व्हीपीएमची पेशी बराच वेळ दाबून ठेवली की तिचे टी-टाइप कॅल्शियम चॅनल (पेशीच्या आवरणातली कॅल्शियमची दारं) तयार होऊन बसतात, मग पुढचा धक्का आला की ती एकेक सिग्नल न देता धडाधडा झुबकाच सोडते. याला बर्स्ट म्हणतात.

व्हीपीएमच्या शेजारी रिकामा गोल काढा, तो पॉम, थॅलॅमसचाच दुसरा न्यूक्लियस. तिथं हरभरे नकोत, कारण तिथं एका मिशीला एक असा चोख नकाशा नाही. त्याला ब्रेनस्टेममधून थोडं आणि कॉर्टेक्सच्या पाचव्या थरातून दणकून इनपुट येतं, आणि त्याच्या तारा बॅरलच्या मधल्या जागा, पाचव्या थराचा वरचा भाग आणि पहिला थर इथं जातात. म्हणजे कॉर्टेक्स स्वतःचंच बोलणं पॉममधून पुन्हा ऐकून राहिला. यावर जास्त वेळ घालवू नका, दोन बाण पुरे.

राहिला परतीचा बाण. कॉर्टेक्सच्या सहाव्या थरातून व्हीपीएमकडे लाल रेघ, आणि वाटेत टीआरएनला फांदी. या परतीच्या तारा जाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे रेघ जाड काढा. मग हमखास प्रश्न येतो, परतीचा सिग्नल व्हीपीएमला उठवतो का दाबतो? दोन्ही. थेट रेघ उठवते, टीआरएनवरून फिरून आलेली दाबते. माऊसच्या मेंदूच्या पातळ कापात (स्लाइसमध्ये) बघितलं तर सहाव्या थराचे सिग्नल संथ आले की दाबणं जिंकतं, आणि सेकंदाला 10 च्या आसपास सतत येत राहिले की टीआरएनचा दाब ओसरतो, थेट रेघ जोर धरते आणि व्हीपीएम जागा होतो. हे सांगताना बोट त्या जाड रेघेवर ठेवा. आणि पेपर उचलायच्या आधी फोटो काढून घ्या, माझे हरभरे दोनदा पलंगाखाली गेलेत.