मोटरसायकलमागचा तंबू-ट्रेलर: करवत हातात घेण्याआधी आणि नंतर

मोटरसायकलमागे ओढायचा आणि मुक्कामाला झाकण उलटलं की तंबू होणारा छोटा ट्रेलर घरी बनवायचा असेल, तर आधी मोटरसायकलचं हँडबुक काढा आणि त्यात दोन गोष्टी शोधा: गाडीचं कर्ब वेट, म्हणजे पेट्रोल-ऑइलसकट पण स्वार सोडून वजन, आणि ट्रेलर ओढण्याबद्दल कंपनी काय म्हणते ते. बऱ्याच कंपन्या सरळ ‘ओढू नका’ असं छापतात. तुमच्या हँडबुकात तसं असेल तर इथेच थांबा. गाडी बदला किंवा नाद सोडा. तसं नसेल तर पुढचा फोन विम्यावाल्यांना करा आणि त्यांचं उत्तर ईमेलवर घ्या. तोंडी ‘हो हो, चालेल’ अपघातानंतर कुणालाच आठवत नाही.

मी यॉर्कशरमध्ये राहतो, त्यामुळे खालची मापं ब्रिटनच्या नियमांची आहेत. कोल्हापूरच्या मित्रांनी ‘इकडे बनवू का?’ असं विचारलं म्हणून आधीच सांगतो: भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेच एक मोटार वाहन आहे, म्हणजे त्याची वेगळी नोंदणी आली. शिवाय कलम ५२ प्रमाणे गाडीत नोंदणीचा तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन दिवसांत झकास ट्रेलर बनेल यात शंका नाही, पण तो रस्त्यावर आणायचा तर आधी आरटीओत चौकशी, मग वेल्डर.

ब्रिटनमध्ये पूर्ण मोटरसायकल लायसन्स लागतं, इंजिन १२५ सीसीच्या वरचं लागतं आणि ट्रेलर एकच लावता येतो. रुंदी सामानासकट १ मीटरपेक्षा जास्त नको. मोटरसायकलच्या मागच्या ॲक्सलपासून ट्रेलरच्या शेपटापर्यंतचं अंतर २.५ मीटरच्या आत हवं. भरलेल्या ट्रेलरचं वजन १५० किलो किंवा गाडीच्या कर्ब वेटच्या दोन तृतीयांश, यातलं जे कमी ते. गाडीवर तिचं कर्ब वेट आणि ट्रेलरवर त्याचं रिकामं वजन ठळक लिहिलेलं हवं. सगळा ट्रेलर या तीन आकड्यांत बसवायचा असतो, म्हणून ते गॅरेजच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

आता वजनाचा हिशेब कागदावर मांडा. माझी गाडी २१० किलोची, दोन तृतीयांश म्हणजे १४०. मी ११० वर थांबायचं ठरवलं, कारण या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसतो. तो थांबतो तुमच्या ब्रेकवर, आणि उतारावर ते हाताला कळतं. चाकं, हब आणि रबर सस्पेन्शनची जोडी मिळून २४ किलो, सांगाडा १२, प्लायवुड १२, ओढदांडा आणि कप्लिंग (ट्रेलर गाडीला जोडणारा सांधा) ८, मडगार्ड, दिवे, बिजागऱ्या वगैरे ६. झाले ६२. सामानाला ४८ उरले. त्यात १० लिटर पाणी म्हणजे १० किलो, म्हणून पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरायचं. हा हिशेब न करता लाकूड आणलं की काय होतं ते एका ओळखीच्यांकडे पाहिलं: सहाच्या जागी बारा मिलिमीटरचं प्लाय. तीन चौरस मीटर प्लाय लागतं, सहा मिलिमीटरमध्ये ते सव्वाबारा किलो भरतं, बारामध्ये साडेचोवीस. नुसत्या जाडीत बारा किलो गेले. सहाचं बर्च प्लाय घ्या, आतून कोपऱ्यांना पट्ट्या द्या, पुरतं.

त्यानंतर खडू. गॅरेजच्या जमिनीवर खऱ्या मापात ट्रेलर काढा. मागच्या ॲक्सलपासून कप्लिंगचा गोळा ६० सेंटिमीटर मागे, कारण मागचं टायर आणि मडगार्ड पार करून जागा सुटली पाहिजे. तिथून ओढदांडा ६५, मग पेटी १२०. बेरीज २४५, शिल्लक पाच सेंटिमीटर. स्पेअर चाक मागच्या बाजूला बाहेरून लावायची माझी फार हौस होती. खडूच्या रेषेने ती तिथेच मोडली. चाक आता पेटीच्या पुढच्या भिंतीला आहे. ओढदांडा आखूड करून जागा काढायचा मोह होईल, पण दांडा जितका आखूड तितका ट्रेलर चंचल. पेटी कमी करा, दांडा नको.

रुंदीतही असंच. दोन्ही बाजूंची टायरं आणि मडगार्ड वजा केली की मध्ये जेमतेम ६४ सेंटिमीटरची पेटी बसते. पेटी चाकांच्या वर उचलून रुंद करता येते, पण मग वजन वर चढतं आणि आडव्या वाऱ्यात ट्रेलर हलतो. मी खाली आणि अरुंद ठेवली. झाकण मागे उलटलं की पेटी अधिक झाकण असा २४० सेंटिमीटर लांब, ६४ रुंद बिछाना होतो आणि वर कापडी तंबू उभा राहतो. स्लीपरच्या बर्थवर पुणे-हावडा केलेल्या माणसाला ६४ सेंटिमीटर म्हणजे चैन आहे. जोडीने जायचं असेल तर मात्र हा ट्रेलर नाही; एक जण जमिनीवर, आणि कोण ते आधी ठरवून घ्या.

चाकं आठ इंची स्वस्त मिळतात, पण दहा इंचीच घ्या. ताशी ६० मैलांना आठ इंची ४.००-८ टायर मिनिटाला बाराशेहून जास्त फेरे मारतं, दहा इंची १४५/८० आर १० साधारण साडेदहाशे. बेअरिंगला हा फरक लांबच्या प्रवासात कळतो, आणि खड्ड्यातही मोठं चाक कमी आपटतं. सस्पेन्शन वजनाला साजेसं हवं. ३५० किलोची जोडी ‘मजबूत’ म्हणून लावली तर ११० किलोचा ट्रेलर तिच्यावर दबतच नाही, नुसता उड्या मारतो.

सांगाड्याला २५ बाय २५ बाय २ मिलिमीटरचा स्टीलचा चौकोनी पाइप, आठेक मीटर. तुकडे कापून झाले की आधी फक्त वेल्डिंगचे टाके मारा, मग दोन्ही कर्ण मापा. कर्ण सारखे म्हणजे चौकट गुण्यात, काटकोनात. मग वेल्डिंग एका बाजूने सलग न करता समोरासमोर थोडं थोडं, नाहीतर चौकट ओढली जाते आणि परत गुण्यात येत नाही. ॲक्सलसाठी एक माप फार महत्त्वाचं: कप्लिंगच्या मध्यापासून डाव्या आणि उजव्या हबपर्यंतचं अंतर सारखं हवं. मी तीन मिलिमीटरच्या आत आणलं. ते चुकलं तर ट्रेलर कुत्र्यासारखा तिरका चालतो आणि टायरं खातो. ओढदांडा आणि हिच (ट्रेलर अडकवायला गाडीवर बसवायचा जोड) यांचं वेल्डिंग मात्र ज्याचा तो धंदा आहे त्याच्याकडून करून घ्या. मी वेल्डिंग शिकलोय, तरी तेवढे चार जोड दुसऱ्याकडून मारून घेतले. गाडीवरचा हिच नुसत्या मागच्या कॅरियरला किंवा नंबरप्लेटच्या पट्टीला टांगू नका. ओढ मुख्य फ्रेमपर्यंत पोचली पाहिजे. तुमच्या मॉडेलसाठी तयार हिच मिळत असेल तर पैसे तिथे घाला.

सगळ्यात जास्त वेळ कप्लिंगला द्या. मोटार वळते तेव्हा ती आडवी झुकत नाही; मोटरसायकल झुकते आणि दोन चाकांचा ट्रेलर सपाट राहतो. म्हणजे मधल्या सांध्याला पिळा बसतो. मोटारीचं ५० मिलिमीटर गोळ्याचं कप्लिंग हातात घेऊन आडवं पिळून पाहा: थोडं फिरतं आणि मग खट्कन अडतं. हे अडणं भर वळणात झालं तर एकतर गाडी सरळ उभी होते, म्हणजे वळण सोडून रस्त्याबाहेर जाते, नाहीतर ट्रेलरचं चाक उचललं जातं. म्हणून गोळ्याच्या मागे पूर्ण गोल फिरणारा स्विव्हल हवाच. गाडी आडवी पडली तरी ट्रेलर उभा राहिला पाहिजे, ही परीक्षा. रिकाम्या ट्रेलरला जोडून, दोघांनी धरून गाडी हळूहळू डावी-उजवी झुकवा, मग हँडल पूर्ण वळवून ट्रेलर कोनात आणा आणि दांडा बाजूच्या डब्यांना किंवा सायलेन्सरला घासतो का ते पाहा. सेफ्टी केबल लावाच, पण ती पिळ्यात ताणली जाणार नाही इतकी सैल आणि जमिनीला लागणार नाही इतकी आखूड.

गोळ्यावर पडणारा भार एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठेवा. ११० किलोला ११. ट्रेलर सपाट ठेवून कप्लिंगखाली गोळ्याच्या उंचीचा ओंडका आणि त्याखाली घरातला वजनकाटा, झालं काम. ओंडक्याचं वजन वजा करायला विसरू नका. भार कमी पडला की ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो, जास्त झाला की पुढचं चाक हलकं होतं. जड सामान ॲक्सलच्या किंचित पुढे, तळाशी. दर प्रवासाला हे वजन नव्याने घ्यायचं. तंबू ओला झाला तरी आकडा हलतो.

दिव्यांचं काम सोपं समजून मी शेवटच्या संध्याकाळवर टाकलं होतं. सात पिनांच्या प्लगमध्ये पिवळी तार डावा इंडिकेटर, निळी फॉगचा दिवा, पांढरी अर्थ (अर्थिंगची, म्हणजे निगेटिव्ह), हिरवी उजवा इंडिकेटर, तपकिरी उजवा मागचा दिवा, लाल ब्रेक, काळी डावा मागचा दिवा. आपल्या डोक्यात काळी म्हणजे निगेटिव्ह पक्कं बसलेलं. मी काळी सांगाड्याला आवळली आणि दिवे लावताच फ्यूज उडाला. दुसराही उडाला, तेव्हा कागद उघडला. तर पांढरी अर्थ, हे लक्षात ठेवा, आणि अर्थची तार प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी न्या; रंगवलेल्या सांगाड्यावर भरवसा नको. नवीन गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सला जादा बल्ब खपत नाहीत, त्यांना बायपास रिले (ट्रेलरच्या दिव्यांना थेट बॅटरीतून वीज देणारा) लागतो. मागे दोन लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर आणि गाडीच्याच नंबरची पिवळी प्लेट.

पहिली फेरी रविवारी सकाळी रिकाम्या कार पार्कात, रिकाम्या ट्रेलरसह. ब्रेक, आठचा आकडा, पुन्हा ब्रेक. मग तेच सामान भरून. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, ड्युअल कॅरेजवे (दुभाजकाचा रस्ता) आणि मोटरवेवर ६० ही मर्यादा, आणि तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर उजवीकडची शेवटची लेन तुमची नाही. पहिल्या वीस मैलांवर थांबून हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर बेअरिंग जास्त आवळलंय. चाकाचे नटही तेव्हाच पुन्हा तपासा.

स्कॉटलंडला निघालात तर २००३ च्या कायद्याने मिळालेला मोकळ्या रानात तंबू टाकायचा हक्क वाहनासकट मिळत नाही, म्हणून कॅम्पसाइट ठरवून जा. लॉक लोमंड सरोवराच्या काही भागांत १ मार्च ते ३० सप्टेंबर तंबू टाकायला परवाना लागतो. ॲपलक्रॉसला जाणाऱ्या बेलाख ना बा घाटाच्या पायथ्याशी कॅरॅव्हॅन नको असा फलक आहे. आपला ट्रेलर कॅरॅव्हॅन नव्हे, हा वाद घालता येईल, पण ६२६ मीटरपर्यंत चढणाऱ्या या घाटात हेअरपिन वळणावर समोरून मोटार आली की रिव्हर्स घेता येत नाही. खाली उतरून, ट्रेलर सोडवून हाताने ढकलावा लागतो. पहिल्या वर्षी तो घाट सोडा. मिजेस नावाच्या चिलटांसाठी डोक्यावरची जाळी मात्र पुढच्या खिशात हवी, तळाच्या पिशवीत नाही.

आणि निघण्याआधी एक रात्र घरामागच्या अंगणात ट्रेलरमध्ये झोपा. मी झोपलो. पहिल्यांदा झाकणाच्या टोकावर बसलो तेव्हा पेटी पुढून उचलली गेली, कारण मागचे टेकू लावायचे राहिले होते. आता बिजागरीलाच लाल चिंधी बांधलीय, टेकू लावल्यावरच ती सुटते. पहाटे गादी उलटली तर खालून ओलीचिंब. पाऊस नव्हता, माझाच घाम आणि श्वास थंड प्लायवर जमला होता. बिछान्याच्या फळीला २५ मिलिमीटरची बारा भोकं पाडली आणि कडा परत रंगवल्या. ती भोकं तुम्ही रंगाच्या आधीच पाडा.