शतपावलीपासून सात हजारांपर्यंत

मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात हिशेब लिहिते. वय 52, घर इंदिरानगरात, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी तपासणीत एचबीए1सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, 6.2 आलं. मधुमेह नव्हता, पण त्याच्या उंबरठ्यावरचा आकडा होता. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, आधी चाला. भाऊबीजेला धाकट्या भावाने मनगटावर पावलं मोजणारा बँड बांधला. आता ओळखीतल्या बायका विचारतात, "ताई, तुम्ही टिकवलं कसं? आमचा बँड महिन्याभरात कपाटात गेला." त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट, रोज दहा हजार पावलं झालीच पाहिजेत हा धाक मनातून काढून टाका. हा आकडा कुठल्या डॉक्टरांनी ठरवलेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. ते नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि पुढे जगभराचं उद्दिष्ट झालं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 17 हजार वयस्कर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय 72. रोज साधारण 2,700 पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत 4,400 चालणाऱ्यांमध्ये त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण 41 टक्क्यांनी कमी दिसलं, आणि 7,500 च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. 2025 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यातही 7,000 च्या आसपासच मोठा फायदा दिसला. हे वाचलं आणि मला खरोखर हायसं वाटलं. अडीच-तीन हजारांवरून साडेचार हजारांवर जाणं कोणालाही जमण्यासारखं आहे.

मला हे सगळं उशिरा कळलं. बँड बांधल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी थेट दहा हजारांच्या मागे लागले, तेही झिजलेल्या चपलेत. नवव्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला तर टाचेत खिळा घुसावा तशी कळ आली. तीन आठवडे घरात बसले. म्हणून माझा आग्रह आहे: पहिला आठवडा काहीही बदलू नका. बँड बांधा, नेहमीसारखं वागा, आणि रोज रात्री आकडा लिहून ठेवा. टाच बरी झाल्यावर मी तसंच केलं. माझे आकडे होते 3,120, 2,740, 3,300, 2,680, 2,950, 3,410 आणि रविवारी 1,960. सरासरी 2,880. ही तुमची आरंभीची शिल्लक. पुढचा सगळा हिशेब तिच्यापासून सुरू होतो, शेजारणीच्या आकड्यापासून नाही.

त्यावर दर पंधरा दिवसांनी 500 पावलं चढवा. माझे 7,000 व्हायला चार महिने लागले आणि टाच पुन्हा दुखली नाही. बूट मात्र आधी घ्या. टाचेला गादी असलेले, संध्याकाळी पाय थोडे फुगलेले असताना घालून बघून घेतलेले. ज्यांना हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे, त्यांनी वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

बँड आपला खरा आकडा दाखवतो का, हे एकदा तपासून घ्या. त्याच्या आत हालचाल ओळखणारा बारीकसा भाग असतो. हात लयीत हलला की त्याला वाटतं पाऊल पडलं. म्हणून ज्या हाताने आपण काम करतो त्या हातात बांधू नका, दुसऱ्या हातात बांधा, मनगटाच्या हाडापासून बोटभर वर. ॲपमध्ये उंची आणि डावा-उजवा हात नीट भरा. मग तोंडाने मोजत 100 पावलं चाला आणि आकडा बघा. 95 ते 105 दाखवला तर बँड ठीक आहे. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या किंवा दुकानातली ट्रॉली ढकलत असलो, तर हात हलत नाही आणि पावलं कमी धरली जातात. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावरून स्कूटरने आलं की कधीकधी न चाललेली पावलं वाढतात. या चुका रोज साधारण सारख्याच असतात. आपल्याला कालच्यापेक्षा आज किती, हे कळायला हवं, आणि तेवढं बँड नक्की सांगतो.

आपलं पाऊल किती लांब आहे, तेही मोजा. पार्किंगमध्ये खडूने रेघ मारून नेहमीच्या चालीने 20 पावलं चालले, मग टेपने मोजलं. 12 मीटर 40 सेंटीमीटर भरलं. म्हणजे माझं पाऊल 62 सेंटीमीटरचं आणि किलोमीटरला सुमारे 1,600 पावलं. हा आकडा पुढे फार कामाला येतो.

आता मुख्य गोष्ट. नुसता आकडा माणसाला घराबाहेर काढत नाही, रस्ता काढतो. मी एका वहीत माझ्या रोजच्या जागांचा दरपत्रकासारखा तक्ता केला. इमारतीभोवती एक फेरी 230. दूध केंद्रावर जाऊन-येऊन 1,100. रिक्षातून एक थांबा आधी उतरलं तर 700. डबा खाल्ल्यावर कारखान्याच्या आवारात एक चक्कर 900. घरून जॉगिंग ट्रॅकवर जाऊन, चार फेऱ्या मारून परत 4,800. रविवार कारंजा चौकात उतरून रामकुंड, तिथून काळारामाचं दर्शन, येताना सराफ बाजारातून, असं सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आसपास. संध्याकाळी सात वाजता बँडवर 5,300 दिसले की मला "अजून 1,700 चालायचंय" असं वाटत नाही. मला वाटतं, दूध आणायचंय आणि मग इमारतीला तीन फेऱ्या. कामाला चेहरा असला की पाय उचलतो. तुम्ही सिडकोत राहत असाल, नाशिकरोडला असाल किंवा गंगापूर रोडला, तुमच्या जागा वेगळ्या असतील. पण तक्ता स्वतः चालूनच करा.

जेवणानंतरची पावलं वहीत मी वेगळ्या रंगाने लिहिते. माझी आजी रात्री जेवून उठली की अंगणात शतपावली घालायची, कधी चुकवायची नाही. जपान्यांचं दहा हजारांचं यंत्र यायच्या कितीतरी आधी आपल्या घरांत हा शंभराचा नेम होता. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि ती फार वर चढत नाही. साखरेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला सकाळच्या लांब चालीइतकंच हे मोलाचं आहे. ज्यांना काहीच जमत नाही असं वाटतं, त्यांनी इथूनच सुरुवात करावी. आज रात्री जेवल्यावर 100 पावलं. पुढच्या आठवड्यात 300. मी आता दोन्ही जेवणांनंतर हजार-हजार चालते.

चाल किती वेगाची हवी? मिनिटाला 100 पावलं ही मध्यम व्यायामाची सोपी खूण आहे. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. दिवसाच्या सगळ्या पावलांना हा वेग लागत नाही. रोज 20-25 मिनिटं तसं चाललात की आठवड्याला 150 मिनिटं होतात, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना किमान तेवढंच सांगते. पायऱ्यांचा हिशेब मात्र वेगळा. पांडवलेणीला खालून वर जायला दोनेकशे पायऱ्या आहेत. बँडवर त्या दोनेकशेच दिसतात, पण वर पोचल्यावर माझे ठोके 125 ला गेलेले असतात. अशा दिवशी पावलांचा आकडा बाजूला ठेवा आणि ठोके बघा. 220 मधून वय वजा करून जे येईल त्याच्या 64 ते 76 टक्के म्हणजे मध्यम व्यायाम. माझ्यासाठी 108 ते 128.

कॅलरीचा आकडा मात्र मनावर घेऊ नका. 2017 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली. ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले, पण खर्च झालेल्या कॅलरीत सगळ्यात बऱ्या यंत्राचीही सरासरी 27 टक्क्यांची चूक होती. तेव्हा रविवारी मिसळ खायची तर आवडीने खा. "आज 400 कॅलरी जाळल्या, म्हणून जादा पाव चालेल" असा हिशेब बँडच्या भरवशावर करू नका.

आता टिकवण्याबद्दल. बँड सलग दिवस मोजतो आणि शाबासकी देतो. माझे 41 दिवस सलग झाले होते. 42 व्या दिवशी सासूबाईंना दवाखान्यात दाखल करावं लागलं, रात्रभर बाकावर बसून काढली, आणि साखळी तुटून आकडा शून्यावर आला. इतकं वाईट वाटलं की पुढचे वीस दिवस बँड ड्रॉवरमध्ये पडून होता. बहुतेकांचा बँड इथेच कपाटात जातो, आळसापायी नाही, एका हुकलेल्या दिवसापायी. म्हणून मी सलग दिवसांची सूचना बंद केली आणि आठवड्याचा ताळेबंद सुरू केला. दर रविवारी रात्री सात दिवसांची बेरीज कालनिर्णयवर, दुधाच्या नोंदीशेजारी, लाल पेनाने लिहिते. लक्ष्य 49,000. एखाद्या दिवशी 2,000 झाले तरी चालतं, बाकीच्या सहा दिवसांवर थोडं थोडं चढतं. दोन दिवस लागोपाठ मात्र सोडायचे नाहीत, एवढाच एक नियम.

सोसायटीच्या गटात रोज आकडे टाकायची स्पर्धा आम्ही करून पाहिली. पंधरा दिवसांत सत्तरीच्या दोन काकूंनी चालणंच सोडलं, कारण त्यांचा आकडा कायम शेवटी दिसायचा. मला त्याचं अजून वाईट वाटतं. त्यापेक्षा एकच सोबतीण ठेवा. समोरच्या वहिनी सकाळी सव्वासहाला खाली उभ्या राहतात, आणि त्या उभ्या आहेत म्हटल्यावर थंडीच्या दिवसांतही पांघरूण सोडावंच लागतं.

पावसाळ्याची सोय जूनच्या आधीच करून ठेवा. गोदावरीला पाणी सोडलं की नदीकाठचा रस्ता बंद होतो, ट्रॅकवर चिखल होतो. मी तेव्हा पार्किंगमध्ये फेऱ्या मारते, दहा मिनिटं सकाळी, दहा रात्री. फोनवर बोलायचं असेल तर उभं राहून, चालत बोलते. बहिणीच्या एका फोनमध्ये दीड हजार पावलं सहज होतात. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत घरी या.

सहा महिन्यांनी माझं एचबीए1सी 5.8 आलं. जेवणातला भात आणि चहातली साखरही कमी केली होती, त्यामुळे सगळं श्रेय पावलांना देत नाही.

सध्या माझ्यासमोर त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीची फेरी आहे, तिसऱ्या श्रावणी सोमवारची. अंतर सुमारे 20 किलोमीटर, म्हणजे माझ्या पावलांनी 32,000. त्यासाठी एक रविवार आड लांब चाल ठेवली आहे. आधी 10,000, मग 12,000, मग 15,000, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम फक्त शतपावली. येत्या रविवारी अशोकस्तंभावरून सोमेश्वरपर्यंत चालत जायचं, परत सिटीलिंकच्या बसने. वहिनींना सांगून ठेवलंय, पाण्याची बाटली आणि मोज्यांचा एक जादा जोड घ्या.