हरत्या हंगामात मुलींच्या फुटबॉल संघामागे माणसे कशी उभी करावीत

कोल्हापुरात फुटबॉलला माणूस जमत नाही, असे कोणी म्हटले तर ते कोणालाच पटणार नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की दुपारपासूनच पेठांतले रस्ते मैदानाकडे वाहू लागतात, गॅलरीत पाय ठेवायला जागा उरत नाही आणि रात्री कट्ट्याकट्ट्यावर त्याच सामन्याचा पंचनामा चालतो. याच गावात मुलींचा संघ मैदानात उतरतो तेव्हा मात्र गॅलरीत खेळाडूंचे आईवडील, एखादी मैत्रीण आणि सावलीला टेकलेले दोन-चार जण एवढेच असतात, आणि संघ ओळीने चार सामने हरला की त्यांतलेही निम्मे गळतात. पूर्वी मी स्वतः खेळत होते. गेले तीन हंगाम मी एका मुलींच्या संघासाठी प्रेक्षक जमवण्याचे काम करते आहे. यंदा आम्ही जिंकलो थोडे आणि हरलो पुष्कळ, तरीही शेवटच्या सामन्याला गॅलरीचा एक कोपरा पूर्ण भरलेला होता. अशाच अडचणीत असलेल्या दुसऱ्या संघांना उपयोगी पडावी म्हणून ही सगळी रीत इथे मांडते आहे.

आधी वही घालावी

पहिले काम वही घालण्याचे आहे. हंगामातल्या पहिल्या सामन्यापासून कोण आले, कोणाबरोबर आले, कोणत्या पेठेतून किंवा गावातून आले, शेवटचे कधी दिसले आणि त्यांच्या हातून संघाचे कोणते काम होण्यासारखे आहे, हे सगळे तीत लिहावे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोनशे माणसे असतात, पण त्यांतली मैदानावर किती येतात हे वहीशिवाय कळत नाही, आणि ग्रुपवरच्या अंगठ्यांवर विसंबून केलेला अंदाज सामन्याच्या दिवशी हमखास फसतो.

जी माणसे एकदा येऊन थांबली, त्यांना संदेश न पाठवता फोन करावा. मी असे फोन केले तेव्हा सगळे पराभवाचेच कारण सांगतील अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेकांना सामन्याची तारीखच कळली नव्हती. काहींना भर उन्हातली वेळ झेपत नव्हती, तर काही बायकांना मैदानावर स्वच्छतागृहाची सोय आहे की नाही याची खात्री नव्हती. एका खेळाडूची आई म्हणाली, ‘आमचं तोंड बघून हरलेल्या पोरीला आणखी वाईट वाटंल, म्हणून आलो न्हाई.’ मी तिच्या मुलीला विचारले, तर ती इतकेच म्हणाली की, आई आली नाही म्हणजे आपण वाईट खेळलो असे मला वाटते. मायलेकी एकमेकींना जपण्यासाठीच एकमेकींपासून दूर राहत होत्या. असे गैरसमज एका फोनने सुटतात, म्हणून वहीतले प्रत्येक नाव महिन्यातून एकदा तरी वाचून काढावे.

निमंत्रणाचा निरोप पुरा असावा. तारीख, वार, वेळ आणि मैदान यांबरोबरच कोणत्या दाराने आत यायचे, केएमटीची, म्हणजे महापालिकेची, कोणती बस जवळ सोडते, गाडी कुठे लावायची, सावली कोणत्या बाजूला असते आणि पाणी व स्वच्छतागृह कुठे आहे, हे सगळे एकाच संदेशात द्यावे. तो आदल्या रात्री एकदा आणि सामन्याच्या दोन तास आधी पुन्हा पाठवावा. आयत्या वेळी सामना पुढे ढकलला गेला, तर ते कळवण्यात एक मिनिटही दवडू नये, कारण रजा काढून आलेला माणूस बंद दारावरून परतला की पुन्हा येत नाही.

निकाल आधी, खुलासा नंतर

हरलेल्या सामन्याचा निकाल लपवण्याचा मोह सगळ्यांना होतो. जिंकल्यावर फोटो आणि फेटे, आणि हरल्यावर दोन दिवस शांतता, असे झाले की आपल्याला फक्त चांगल्या दिवसांपुरतेच विचारात घेतले जाते हे प्रेक्षकांच्या लक्षात येते. म्हणून सामना संपल्यापासून तासाभरात निकाल कळवावा आणि पहिल्याच ओळीत आकडा लिहावा. पंचांना दोष देऊ नये. प्रशिक्षकांनी ज्या खेळाडूची चूक मैदानावर दाखवली असेल, तिचे नावही बाहेर घेऊ नये.

त्यानंतर खेळात काय घडले ते समजावून सांगावे. आम्ही एकदा सहा गोलांनी हरलो. त्या दिवशीच्या वृत्तान्तात आम्ही लिहिले की, पाच गोल पूर्वार्धात झाले, त्यांतले तीन कॉर्नरवरून, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या फटक्यांवरून, आले, कारण गोलच्या दूरच्या खांबापाशी आपली खेळाडू उभी राहत नव्हती. मध्यंतरानंतर ती जागा भरली गेली आणि उत्तरार्धात एकच गोल झाला. पुढच्या सामन्यात कॉर्नर मिळाल्याबरोबर गॅलरीतून दोन-तीन काका ‘लांबचा खांब, लांबचा खांब’ असे ओरडू लागले. त्या दिवशीही आम्ही हरलोच. पण कॉर्नरवरून गोल झाला नाही, आणि त्याचा आनंद गॅलरीत स्पष्ट दिसला. कशाकडे पाहायचे हे कळले की हरणाऱ्या संघाच्या सामन्यातही बघण्यासारखे पुष्कळ सापडते. म्हणून दर सामन्याआधी एक छोटे उद्दिष्ट जाहीर करावे: पहिली वीस मिनिटे गोल होऊ न देणे, समोरच्या गोलवर चार फटके मारणे, मध्यरेषेच्या पुढे चेंडू अधिक वेळ ठेवणे. ते उद्दिष्ट प्रशिक्षकांना विचारूनच ठरवावे; परस्पर ठरवलेले उद्दिष्ट खेळाडूंच्या डोक्यावरचे ओझे होते.

लांबचा पल्ला दाखवायचा असेल तर भारताच्या महिला संघाचे उदाहरण जवळचे आहे. जानेवारी 2022 मध्ये महिलांचा आशियाई चषक महाराष्ट्रातच, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात भरला होता. इराणविरुद्धची पहिली लढत गोलशून्य बरोबरीत सुटल्यावर भारतीय संघात करोनाची लागण झाली, चायनीज तैपेईविरुद्ध (म्हणजे तैवानविरुद्ध) उतरायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि यजमान संघाला स्पर्धेबाहेर जावे लागले. त्यानंतर 5 जुलै 2025 रोजी चियांग माईत थायलंडला 2-1 असे हरवून भारताने 2026 च्या आशियाई चषकात प्रवेश मिळवला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते, आणि पात्रता फेरी खेळून भारतीय मुलींनी मिळवलेला तो पहिलाच प्रवेश होता. मधली साडेतीन वर्षे या खेळाडू कुठे ना कुठे, बहुतेक रिकाम्या गॅलऱ्यांसमोर, खेळतच होत्या, हे नव्या प्रेक्षकांना आवर्जून सांगावे.

गॅलरी

या भागाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. वीस माणसे मोठ्या गॅलरीत विखुरली तर मैदानावरून ती दिसतही नाहीत. तीच एका जागी, राखीव खेळाडूंच्या बाकामागे बसली तर आवाज थेट मैदानात पोहोचतो. म्हणून जागा एकच ठरवावी, ती हंगामभर बदलू नये आणि तिथे संघाचा झेंडा सामन्याच्या अर्धा तास आधी लावावा. हलगी आणायची असेल तर आयोजकांची परवानगी आधी घ्यावी, आणि वाजवणाऱ्याला फुटबॉल कळत असला पाहिजे, कारण आपली गोलरक्षक बचावफळीला हाका मारत असताना हलगी थांबायला हवी. घोषणा खेळाडूंच्या नावाने द्याव्यात. नवख्यांसाठी क्रमांक आणि नावे यांचा एक कागद छापून ठेवावा. थोडक्या पैशांत निघणाऱ्या या झेरॉक्सइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही झालेला मी पाहिलेला नाही.

आमच्या गोलरक्षकाचे वडील सामना सुरू झाला की तारेच्या कुंपणापाशी, तिच्या गोलच्या मागे जाऊन उभे राहतात. एका सामन्यात चौथा गोल झाल्यावर ती जाळ्यातला चेंडू काढायला वळली आणि क्षणभर दोघे समोरासमोर आले. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त दोन्ही तळहात एकमेकांवर घासून दाखवले, सरावाच्या वेळी ती हातमोजे चढवण्याआधी करते तसे. तिनेही तसेच केले आणि ती जागेवर गेली. त्यानंतर गॅलरीतले आमचे लोक गोल झाला की मान खाली घालत नाहीत. ते तळहात घासतात. ही खूण कोणी ठरवलेली नव्हती, आणि म्हणूनच ती टिकली. तुमच्या संघातही अशी एखादी गोष्ट घडत असेल. ती शोधावी आणि सगळ्यांना सांगावी.

मुलींच्या सामन्याला येणारा प्रत्येक जण चांगल्या हेतूने येतो असे नाही, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. कपड्यांवरून किंवा शरीरावरून शेरे मारणारे, मोबाइलवर नको तसे चित्रण करणारे लोक दिसले तर त्याकडे कानाडोळा करू नये. आमच्याकडे दोन वयस्क बायका आणि एक पुरुष कार्यकर्ता यांची नेमणूक केवळ याच कामासाठी असते. ते आधी शांतपणे समज देतात, मग आयोजकांना बोलावतात आणि तेवढ्याने भागले नाही तर 112 वर फोन करतात. अठरा वर्षांखालील खेळाडूंचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकू नयेत. सामना उशिरा संपणार असेल तर प्रत्येक मुलगी कोणाबरोबर घरी जाणार हे आधीच लिहून ठेवावे. घरच्यांचा विश्वास बसला की आई, मावशी, आत्या आपोआप मैदानावर येऊ लागतात, आणि या संघाला खरी गरज त्यांचीच असते. आपल्या गॅलरीतून समोरच्या संघातल्या मुलींना एकही शिवी जाता कामा नये, हा नियम मोडणारा माणूस कितीही जुना असला तरी त्याला दुसऱ्या दिवशी फोन करून स्पष्ट सांगावे.

स्टेशनवर घ्यायला जावे

मुंबईच्या सामन्याला आमच्या मुली रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने जातात आणि तिनेच परत येतात. निरोप द्यायला पुष्कळ लोक येतात. हरून आल्यावर सकाळी स्टेशनवर मात्र कोणी नसते. आम्ही हे उलट केले. निरोपाला दोघे-तिघेच जातात, आणि परतीच्या गाडीला, त्यातही पराभवानंतर, जास्तीत जास्त माणसे जमवली जातात. हार-तुरे आणू नयेत, भाषणे करू नयेत, सामन्याबद्दल आपण होऊन विचारू नये. चहाचा थर्मास, गरम पोहे किंवा शेंगदाण्याचे लाडू, आणि बॅगा उचलायला चार हात पुरे होतात. पहिल्यांदा आम्ही असे गेलो तेव्हा पाय मुरगळलेल्या आमच्या डाव्या बचावपटूची बॅग एका निवृत्त शिक्षकांनी उचलली आणि तिला रिक्षापर्यंत पोहोचवले. ती त्यांची कोणी लागत नव्हती. पुढच्या घरच्या सामन्याला ते शेजारच्या तिघांना घेऊन आले.

संक्रांतीचे हळदीकुंकू

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू होते आणि याच दिवसांत आमचा हंगाम भरात असतो. घरच्या एका सामन्याआधी मैदानाच्या दारातच तिळगूळ द्यावा आणि वाण म्हणून संघाच्या उरलेल्या सामन्यांचे वेळापत्रक छापलेली छोटी कापडी पिशवी द्यावी. निमंत्रण ‘सर्व स्त्रियांना’ असे लिहावे आणि विधवा बायकांना फोन करून वेगळे बोलवावे, कारण आपल्याला यात धरले नसेल असे समजून त्या घरी बसतात. मैदानावर यापूर्वी पाऊलही न टाकलेल्या बायका त्या दिवशी येतात. त्यांच्यासोबत खेळ समजावून सांगणारी एक माजी खेळाडू अवश्य बसवावी.

पैसा

वर्गणी छोटी ठेवावी, पावती द्यावी आणि दर महिन्याला जमाखर्च सगळ्यांसमोर मांडावा. ‘संघाच्या विकासासाठी’ असे मोघम लिहून पैसे मागितले की कोणी देत नाही. अंडी, दूध, केळी, घोट्याला बांधायची पट्टी, सॅनिटरी पॅड, रेल्वेची तिकिटे असे नेमके लिहिले की दुकानदारसुद्धा विचारतात, ‘केळी आमच्याकडून घेता काय?’ वस्तूरूपाने आलेली मदतही तितक्याच आदराने वहीत नोंदवावी. जिंकण्याचे आश्वासन देऊन मात्र कोणाकडूनही पैसे घेऊ नयेत.

मैदान आणि वेळ मागून घ्यावी

‘मुलींचा फुटबॉल बघतो कोण?’ या प्रश्नाचे उत्तर, मैदान मागायला फुटबॉल संघटनेपुढे जाताना, तयार ठेवावे. इंग्लंडमध्ये 26 डिसेंबर 1920 रोजी डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना पाहायला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सुमारे 53,000 लोक आले होते. एका वर्षाच्या आत, डिसेंबर 1921 मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने मुलींसाठी बंद केली आणि ती बंदी जवळपास पन्नास वर्षे राहिली. मुलींचा खेळ तोच होता. मैदान गेले आणि त्यापाठोपाठ माणसे गेली. दुसऱ्या बाजूला, 30 मार्च 2022 रोजी बार्सिलोनाच्या महिला संघाला क्लबचे मुख्य मैदान, कॅम्प नोऊ, मिळाले तेव्हा रेआल माद्रिदविरुद्धचा सामना 91,553 लोकांनी पाहिला.

आपल्याला एवढे मागायचे नाही. पुरुषांच्या मोठ्या सामन्याआधी त्याच मैदानावर मुलींचा सामना ठेवावा, असा लेखी अर्ज वेळापत्रक ठरण्यापूर्वी द्यावा. मुलींचा सामना पूर्ण नव्वद मिनिटांचा होईल आणि पुढच्या सामन्यासाठी तो आखडता घेतला जाणार नाही, हे त्या अर्जात आवर्जून लिहावे. तालमींच्या पुरुष संघांतल्या खेळाडूंनाही भेटावे. दर तालमीने एका सामन्याला पाच खेळाडू तासाभरासाठी पाठवावेत एवढीच विनंती करावी. नावाजलेला खेळाडू गॅलरीत बसला की त्याच्यामागे पेठेतली पोरे येतात, आणि त्यांतली काही पुढच्या वेळी त्याच्याशिवायही येतात.

शेवटच्या सामन्यानंतर लगेच पांगू नये. खेळाडूंना कुंपणापाशी आणावे, प्रेक्षकांतल्या प्रत्येकाशी त्यांना बोलू द्यावे, आणि तेवढ्या वेळात वही घेऊन रांगेने फिरावे: पुढच्या हंगामात कोण येणार, कोणाला स्टेशनवर यायला जमेल, हलगी कोण आणणार. सराव पुन्हा कोणत्या तारखेला सुरू होणार हे त्याच वेळी सांगून टाकावे, आणि त्या तारखेच्या आठवडाभर आधी वहीतल्या पहिल्या नावापासून फोन करायला सुरुवात करावी.