थंडीच्या गावात कुंडीतला चाफा फुलवायचाय?

आमच्या रत्नागिरीकडे देवळाच्या आवारात देवचाफा कोणी न बघता फुलतो, पण दिल्ली नाहीतर लंडनला राहणाऱ्या आपल्या माणसांना तो कुंडीतच वाढवावा लागतो आणि तिथे पहिला प्रश्न थंडीचा. झाड मूळचं मेक्सिको-कॅरिबियनकडचं, त्यामुळे रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जायला लागला की कुंडी सरळ घरात घ्या. पानं गळतील, नुसते खुंट उरतील, घाबरू नका, झाड झोपलंय. आणि इथेच लोक दया येऊन पाणी घालत बसतात, प्लीज नका घालू, मुळं कुजतात. आम्ही पावसाळ्यात कुंडी पडवीत ओढतो ती याचसाठी. शंका आली तर फांदी बोटाने दाबून बघा, टणक असेल तर ठीक, मऊ पिचपिचीत लागली तर सड सुरू झालीय, आतला गर पांढरा दिसेपर्यंत कापत जा.

नवीन फांदी लावताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, आठ-पंधरा दिवस सावलीत वाळवा मगच लावा. माती निचऱ्याची, जाड रेती भरपूर.

फुलांसाठी ऊन, दिवसाला किमान ६ तास, त्याला पर्यायच नाही. नवीन पालवी दिसली की पाणी वाढवा, खत द्या पण नायट्रोजनवालं जास्त नको, नाहीतर नुसती पानंच येतात. फुलं फांदीच्या टोकाला धरतात म्हणून तेव्हा शेंडे छाटू नका, त्या वर्षीची फुलं गेलीच समजा.