अल्फा चांगला, तरी मापन चुकीचे: सर्वेक्षणाची मापनश्रेणी तयार करताना या चुका टाळा

अल्फा (एका मापनश्रेणीतल्या विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.९० आला म्हणजे मापनश्रेणी, म्हणजे एक संकल्पना मोजणाऱ्या विधानांचा संच, तयार झाली, ही माहिती प्रणालींच्या संशोधनात सर्वांत महागात पडणारी समजूत. हा अल्फा, पूर्ण नाव क्रॉनबॅक अल्फा, विधानांच्या संख्येवरही अवलंबून असतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.३० इतका बेताचा असला, तरी ५ विधानांवर ०.६८ आणि १० विधानांवर ०.८१ मिळतो. एकच वाक्य शब्द फिरवून चारदा विचारा, आकडा आणखी वर जाईल; संकल्पनेचा मात्र एकच कोपरा मोजला जाईल.

खरे काम आकड्यांच्या आधीचे आहे. संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी तंत्रज्ञान लोक का स्वीकारतात यावर १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘जाणवणारी उपयुक्तता’ आणि ‘जाणवणारी वापरसुलभता’ यांसाठी प्रत्येकी १४ विधानांपासून सुरुवात केली. गाळत गाळत ती ६-६ वर आली. मूर आणि बेनबासाट या संशोधकांनी १९९१ च्या अभ्यासात विधाने कार्डांवर लिहून परीक्षकांना त्यांचे गट पाडायला लावले. ही पायरी अजिबात वगळू नका. एकच कार्ड वेगवेगळ्या गटांत पडू लागले, तर विधान संदिग्ध आहे, आणि हे एकही प्रश्नावली न वाटता कळते.

डेव्हिस यांची विधाने नोकरीतल्या कामाविषयी होती. ती तशीच मराठीत आणून हवामानाचे ॲप वापरणाऱ्या शेतकऱ्याला ‘नोकरीतील कामगिरी’ विचारली, तर तो खूण करेल, पण ती कशाबद्दल केली ते कोणालाच सांगता येणार नाही. उलट भाषांतर करून, म्हणजे मराठी विधान पुन्हा मूळ भाषेत आणून, तपासले तरी ही चूक सापडत नाही. पाच-सहा जणांना विधान वाचून दाखवा आणि काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा.

अल्फा अचानक ऋण आला? नकारार्थी विधानांचे गुण उलटवले आहेत का, ते आधी पाहा. एखादे विधान दोन घटकांवर (उत्तरांच्या विश्लेषणात एकत्र येणाऱ्या विधानांच्या गटांवर) विभागले जाते? त्यात ‘आणि’ शोधा: ‘ॲप जलद आणि सोपे आहे’ हे दोन प्रश्न आहेत. एचटीएमटी (दोन संकल्पना खरोखर वेगळ्या मोजल्या जातात का, हे तपासणारा आकडा) ०.९० च्या वर गेला, तर विधाने उडवण्याआधी दोन्ही व्याख्या शेजारी ठेवून वाचा; बहुतेकदा घोळ तिथेच असतो. घटकरचना ज्या उत्तरांतून शोधली, त्याच उत्तरांवर तिची पुष्टी करू नका, नवा नमुना घ्या.

हरमनची एकघटक चाचणी (सगळी विधाने एकाच घटकात गोळा होतात का, हे पाहणारी) पार झाली, म्हणून सामायिक पद्धतीचा दोष, म्हणजे सगळे एकाच प्रश्नावलीतून विचारल्याने उत्तरांत येणारा खोटा संबंध, नाही असे लिहिणेही थांबवायला हवे. ती चाचणी फारच ढोबळ आहे. मत प्रश्नावलीतून घ्या, पण प्रत्यक्ष वापर किती झाला हे शक्य तिथे प्रणालीच्या लॉगमधूनच, म्हणजे तिने आपोआप ठेवलेल्या नोंदींतूनच घ्या.