एमसीबी पडला नाही, तरी बोर्ड जळू शकतो

एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा बोर्डातला स्विच, पडत नाही म्हणजे वायरिंग ठीक आहे, असं बरेच जण धरून चालतात. हा समज घातक आहे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला तरच एमसीबी पडतो. ढिला जोड त्याला कळतच नाही. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर घेतो. सॉकेटमधल्या लूज स्क्रूमुळे तिथला रोध अर्धा ओहम झाला, तर त्या एवढ्याशा जागी सुमारे 38 वॅट उष्णता निघते. सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं, यावरून अंदाज घ्या. म्हणून इथे नाक आणि हातच कामाला येतात.

गीझर किंवा इस्त्री वीस मिनिटं चालवा, स्विच बंद करा आणि प्लगच्या प्लास्टिकला हात लावून बघा. किंचित कोमट लागला तर चालेल. हात ठेववत नसेल, पिनांच्या भोकांशी पिवळट-तपकिरी डाग असेल, बोर्डातून चरचर ऐकू येत असेल किंवा सडक्या मासळीसारखा, जळक्या प्लास्टिकसारखा वास येत असेल, तर तो सॉकेट वापरणं त्याच क्षणी थांबवा. नुसता स्क्रू आवळून भागत नाही. तापून काळी पडलेली तार मागे कापून नवा सॉकेट बसवावा लागतो. गीझरला 16 अँपिअरचा सॉकेट आणि किमान 2.5 चौरस मिमीची तांब्याची वायर हवी. 6 अँपिअरच्या सॉकेटवर तो चालवूच नका.

एमसीबी वारंवार पडत असेल, तर कधी पडतो ते बघा. वर करताच पडला तर बहुधा शॉर्ट. दहा-पंधरा मिनिटांनी पडला तर ओव्हरलोड. अशा वेळी 16 च्या जागी 32 अँपिअरचा एमसीबी बसवणं म्हणजे आगीला वाट करून देणं, कारण एमसीबी भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असतो. किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळण्याचा परिणामही हाच.

फ्रिजच्या दाराला किंवा बाथरूमच्या नळाला झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग तुटलेलं आहे आणि कुठेतरी करंट उतरतो आहे असं समजा. चप्पल घालून काम भागवू नका. माणसाला वाचवतो तो 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच. वीज चालू असताना त्याचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा. तो लगेच पडला पाहिजे. मात्र त्या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही, ती वायरमनकडून वेगळी करून घ्या. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीमुळे आरसीसीबी पडत असेल, तर त्याला बायपास करू नका, ओल शोधा.

सगळ्यांत गंभीर लक्षण म्हणजे एका खोलीतले दिवे अचानक भगभगीत आणि दुसऱ्या खोलीतले मंद होणं. थ्री फेज जोडणीत न्यूट्रल (तिन्ही फेजची सामाईक परतीची तार) सुटला की असं होतं. काही उपकरणांवर 230 ऐवजी 400 च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात. टीव्ही, फ्रिज काही क्षणांत जळतात. मेन ताबडतोब पाडा. शेजाऱ्यांकडेही तसंच होत असेल तर दोष बाहेरच्या लाइनमध्ये आहे, 1912 वर तक्रार करा.

बोर्डातून धूर निघाला तर आधी मेन बंद, मग इन्व्हर्टरही बंद. इन्व्हर्टर हमखास विसरला जातो आणि मेन पाडूनही त्याच्या वायरींत वीज राहते. पाणी टाकू नका. ड्राय पावडरचा सिलिंडर असेल तर तो वापरा, आग वाढत असेल तर बाहेर पडून 101 ला फोन करा. बोर्ड उघडण्याचं काम परवानाधारक वायरमनचं. त्याला ‘लाइट जाते’ एवढंच सांगू नका. कोणतं उपकरण चालू होतं, किती वेळाने झालं, पाऊस होता का, हे सांगा. दोष निम्म्या वेळात सापडतो.